दाराशी टेकलेले गुडघे

१

आमच्या घरातील संध्याकाळच्या उपासनेची रीत माझ्या आजोबांनी घालून दिली आणि ती कोणी मोडली नाही. घर बेटाच्या उत्तर टोकाला, समुद्राकडे पाठ करून बांधलेले. दिवेलागणीला तीन खुर्च्या समुद्राकडच्या भिंतीला लावून मांडायच्या. पवित्र शास्त्रातील एक भाग वाचायचा. मग स्तोत्र: मी ओळ उचलून द्यायची आणि घरच्यांनी ती आपापल्या गतीने, वळसे घेत, ओहोटीचे पाणी खडकांतून माघारी यावे तशी परत आणायची. शेवटी प्रार्थना. तिच्यासाठी आम्ही भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकतो, कोपरे खुर्चीच्या बैठकीवर ठेवतो आणि चेहरा तळहातांत घेतो. चुलीकडे आणि दाराकडे सर्वांची पाठ असते.

उशिरा येणाऱ्यासाठीही रीत ठरलेली आहे. आमच्या गावात दार ठोठावतो तो परका. प्रार्थना चालू असताना शेजारी आला तर तो कडी उचलून आत येतो, दाराजवळच्या बाकापाशी गुडघे टेकतो आणि मुकाट्याने प्रार्थनेत मिसळतो. कोणी वळून पाहत नाही. 'आमेन' झाले की सारे उठतात, वळतात, आणि आलेला कोण हे तेव्हाच कळते. लहानपणी त्या वळण्याच्या क्षणाची मला मोठी गोडी होती. माझ्या पाठीमागे कोणीतरी येऊन बसलेले आहे आणि थोड्याच वेळात मला त्याचे तोंड दिसणार आहे, यापेक्षा श्रद्धेची सोपी व्याख्या मला अजूनही सुचत नाही.

माझा धाकटा भाऊ रोरी याच घरात, माझ्या आणि माझ्या पत्नीच्या सोबत राही. त्याने लग्न केले नाही. एक लहान होडी, शेवंडे धरण्याचे पिंजरे आणि फ्लॉस नावाची कुत्री, एवढाच त्याचा संसार. आम्हा दोघांना बापाचा अधू उजवा गुडघा वारशाने मिळाला होता. खाली बसताना आधी डावा गुडघा टेके, मग श्वासभर थांबून उजवा. डोळे मिटलेल्या माणसाला आम्हा भावांतला कोण गुडघे टेकतो आहे हे आवाजावरून सांगता आले नसते.

गेल्या शरदात दोन वादळांच्या मध्ये एका विश्रामवारी, म्हणजे रविवारी, सकाळी समुद्र निवला, तेव्हा रोरीने होडी काढून आपले पिंजरे उचलून आणले. विश्रामवारी आमच्याकडे कोणी बटाटाही सोलत नाही. मी चर्चच्या मंडळीची शिस्त पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक. त्याची आगळीक वडीलजनांपुढे दुसऱ्या कोणी नेण्याआधी मीच नेली, आणि तसे करताना स्वतःच्या निःपक्षपातीपणाचा मला थोडा अभिमानही वाटला. वर्षभर त्याला प्रभुभोजनाला बसता आले नाही. घरातही प्रार्थना चालवण्याची त्याची पाळी मी बंद केली. त्याने वाद घातला नाही. फक्त त्या दिवसापासून तो आपल्या खुर्चीपाशी येईनासा झाला. दाराजवळच्या बाकापाशी, पाहुण्याच्या जागी, गुडघे टेकू लागला. त्याची खुर्ची माझ्या उजव्या हाताला रिकामी मांडली जाई.

२

या शरदातला तो शनिवार. शनिवारी आम्ही विश्रामवाराची तयारी करतो: पाणी भरून ठेवायचे, चुलीसाठी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, वाळल्या विटा आत आणायच्या, बूट चमकवायचे, दाढी करायची. मार्साली, माझी पत्नी, दुसऱ्या दिवसाचे बटाटे सोलत होती. बाहेर समुद्र सकाळपासून फुगलेला होता आणि पाऊस आडवा पडत होता. रेडिओवर हवामान सांगून झाले.

"ऐकलंस का, मार्साली?" रोरी म्हणाला. "आज फुगलेला, उद्या सकाळी दुधासारखा, उद्या संध्याकाळी पुन्हा वेडा. समुद्रसुद्धा रविवारी सकाळी चर्चला जातो म्हणायचा."

"बटाट्यांत बोटं घालू नकोस. मासळीचा वास येतो तुला."

"वास आहे म्हणून तर तुम्हाला मी आल्याचं कळतं." मग तो माझ्याकडे वळला. "असं बघ, टॉर्कुल. आज पिंजरे काढायला गेलो तर मी मरेन. उद्या संध्याकाळपर्यंत ठेवले तर पिंजरे मरतील. आणि उद्या सकाळी काढले तर आत्मा मरेल. तीन मरणं झाली. तू वडीलजन. निवड."

तो हसत होता, पण विचारत होता. मला म्हणता आले असते की जाऊ देत पिंजरे, हिवाळ्यात दोघे मिळून नवे विणू. एवढेच म्हणायचे होते. मी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणालो, "अजून उजेड आहे."

"बघितलंस?" रोरी मार्सालीला म्हणाला. "माझा भाऊ कधी 'जा' म्हणत नाही. नुसता उजेड दाखवतो."

होडी पाण्यात लोटायला मी गेलो. एका लाटेने मला कमरेपर्यंत भिजवले. रोरीने वल्ह्याने पाणी उडवून ओरडून सांगितले, "घरी जा, दाढी कर! उद्या देवाला तुझं तोंड बघायचंय!" हे त्याचे माझ्याशी शेवटचे बोलणे.

घरी येऊन मी ओला रबरी कोट दाराजवळच्या खुंटीला टांगला आणि दाढीला बसलो. गारठ्याने हात थरथरत होता. वस्तरा घसरून डाव्या अंगठ्याला लागला. मार्सालीने निळ्या चौकड्यांच्या फडक्याची एक पट्टी फाडून त्यावर बांधली.

"तुझा हात का थरथरतोय?" तिने विचारले.

"गारठा आहे."

"हो," ती म्हणाली. "बाहेर त्याहून जास्त आहे."

३

दिवेलागण झाली तरी रोरी परतला नव्हता. वारा घराच्या पाठीवर लाथा घालत होता. प्रत्येक लाटेबरोबर भिंतीतून एक जड धक्का येई आणि फडताळातले पेले किणकिणत.

"आधी बगळ्याला सांगून येऊ," मार्साली म्हणाली. बगळा म्हणजे इव्हर, गावच्या बचावनौकेचा तांडेल. लांब पायांमुळे त्याला हे नाव पडलेले आणि त्याच्या थडग्यावरही बहुधा तेच कोरले जाईल.

"उपासना झाली की जातो."

"टॉर्कुल."

"उपासना कोणासाठी थांबत नाही," मी म्हणालो. ते खरे आहे. पण त्या वेळी मी ते खरे म्हणून बोललो नाही. तांडेलाला बोलावणे म्हणजे मी माझ्या भावाला कशात पाठवले हे गावापुढे कबूल करणे, हे मला पुरते ठाऊक होते.

वाचन झाले. स्तोत्र झाले. त्याला उत्तर देणारी एकटी मार्साली, आणि तिचा आवाज प्रत्येक ओळीच्या शेवटी दाराकडे वळे. मग आम्ही गुडघे टेकले.

समुद्रावरच्या सर्वांसाठी मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात पाठीमागे रबरी कोटाची ती ओली कुरकुर झाली. कडीचा आवाज मला आठवत नाही. पाऊल आठवत नाही. कोट कुरकुरला, दगडी फरशीवर एक गुडघा टेकला. श्वासभर शांतता. मग दुसरा. चुलीजवळ फ्लॉसची शेपटी जमिनीवर आपटू लागली, जशी ती फक्त घरच्या माणसासाठी आपटते.

माझ्या छातीवरची शिळा उतरली. मी देवाचे आभार मानले. किती सुंदर शब्दांत मानले तेही मला आठवते. 'आमेन' म्हणून मी उठलो आणि वळलो.

बाकापाशी कोणी नव्हते. फरशीवर पाणी होते.

"काय झालं?" मार्साली म्हणाली.

"रोरी आला होता. होडी वर ओढायला परत गेला असेल."

"मला दार ऐकू आलं नाही."

"या वाऱ्यात काय ऐकू येणार?"

ती बोलणार होती, इतक्यात खरोखरच दार उघडले आणि इव्हरने डोके आत घातले. त्याच्या भुवयांवरून पाणी निथळत होते. "रोरी आला का? त्याची होडी मला दिसली नाही. पण या पावसात मला माझे पायही दिसत नाहीत."

"तुझे पाय दिसेनासे झाले म्हणजे गाव आंधळं झालं," मार्साली म्हणाली. पण तिच्या तोंडावर हसू नव्हते. ती माझ्याकडे पाहत होती.

"आला," मी म्हणालो. "उपासनेला होता."

इव्हरने खांदे सैल सोडले. "देवाची कृपा. माणसं नौकेपाशी उभी आहेत, त्यांना घरी पाठवतो. आणि त्या गाढवाला सांग, पुढच्या वेळी पिंजऱ्यांऐवजी स्वतःला बांधून ठेव म्हणावं."

दार मिटले. मार्साली खाली वाकून फरशीवरच्या पाण्यात बोट बुडवून उभी राहिली. बोट तिने ओठांना लावले. मग रोरीचे ताट टेबलावर मांडले आणि त्याच्यापुढे बसून राहिली.

४

त्याचा रस्सा गार झाला तेव्हा ती स्वतः उठून इव्हरकडे गेली. तोवर वारा असा झाला होता की नौका धक्क्यापासून सुटू शकली नाही. दोनदा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा समुद्राने तिला परत आणून टाकले.

रविवार दुधासारखा उजाडला. रोरीने सांगितला होता तसाच. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. घंटा वाजायच्या आत त्यांना तो सापडला. होडी फुटली होती. पण तो खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर चढू शकला होता आणि पिंजऱ्यांच्या निळ्या दोराने त्याने स्वतःला खडकाशी बांधून घेतले होते. त्या खडकावरून आमच्या घराचा उजेड दिसतो.

इव्हरने मला धक्क्यावर बाजूला घेतले. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

"पाणी चढलं तसा त्याने दोर सोडून वर बांधला. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. खडकावर खुणा आहेत. बराच वेळ जिवंत होता तो, टॉर्कुल. दिवेलागणीला तर चांगला धडधाकट असणार. आम्ही तेव्हा निघालो असतो तर... तू म्हणालास, आला."

"मी ऐकलं, इव्हर."

"काय ऐकलंस?"

मी सांगितले. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"तुझा ओला कोट खुंटीवरून घसरला असेल," तो म्हणाला. तो दयाळू माणूस आहे.

घरी येऊन मी पाहिले. कोट खुंटीवर होता. खुंटी दाराच्या डाव्या बाजूला आहे. बाक उजव्या.

५

दफन झाले. लोक आले, चहा प्याले, आपापले हात माझ्या हातांत ठेवून गेले. कोणी मला काही म्हणाले नाही. रविवारी चर्चमध्ये मी स्तोत्राची ओळ उचलून दिली, तेव्हा मंडळीने ती परत आणायला क्षणभर उशीर केला. क्षणभरच. एवढ्या उशिरात माणूस बुडू शकतो.

शरदातली वादळे एकामागून एक येत राहिली. बाकाखालचा पाण्याचा डाग मार्सालीने घासून काढला होता. हवा फिरली की तो पुन्हा ओला होई. त्यात नवल नव्हते. समुद्राचे पाणी दगडात मुरले तर मीठ राहते आणि मीठ ओल धरते. मी स्वतःला हे समजावले आणि ते मला पटलेही.

मग पुढच्या वादळाच्या संध्याकाळी, प्रार्थनेच्या मध्यावर, पाठीमागे कोट कुरकुरला. एक गुडघा. श्वासभर शांतता. दुसरा गुडघा. फ्लॉसची शेपटी.

वाचकाला वाटेल की मी घाबरलो. मला आनंद झाला, आणि तोच कबूल करायला सर्वांत कठीण आहे. कारण हा आवाज खरा असेल तर त्या शनिवारचाही खरा होता. मग मी इव्हरशी खोटे बोललो नव्हतो. मग माझ्या भावाचा आत्मा प्रार्थनेला आला होता आणि मी केवळ फसलो होतो, जसा कोणीही धार्मिक माणूस फसेल. मी प्रार्थना लांबवली. उठून वळलो तेव्हा बाकापाशी फक्त पाणी होते, आणि मला ते पाणी साक्षीदारासारखे वाटले.

"ऐकलंस ना आज?" मी मार्सालीला विचारले.

"मला तुझा आवाज ऐकू आला."

"आणि कुत्रीची शेपटी?"

"कुत्री झोपेतही शेपटी हलवते."

"तो येतोय, मार्साली. त्या दिवशीही तोच आला होता."

तिने हातातले विणकाम खाली ठेवले. "टॉर्कुल, त्या दिवशी दिवेलागणीला रोरी जिवंत होता. खडकावर दोर बांधत होता. आपल्या खिडकीकडे बघत होता. तो तिथे होता." तिने बाकाकडे बोट केले नाही, पण पाहिले. "मग इथे कोण होतं?"

तिचा हा प्रश्न माझ्या बुद्धीत शिरला आणि मग बाहेर निघेना. जिवंत माणसाचा आत्मा घरी येत नाही. मग काय आले होते? रोरी घरी पोहोचला असे मला वाटावे, मी शोधायला उठू नये, माणसांना परत पाठवावे, एवढ्याचसाठी कोण येऊन गुडघे टेकून गेले? मी शास्त्रात शोधले, स्तोत्रांत शोधले. जन्मभर जी माझ्या जिभेवर होती ती स्तोत्रे मला आता ओळख देईनात.

प्रत्येक वादळासरशी आवाज थोडा पुढे येऊ लागला. बाकापाशी. मग टेबलापाशी. मग चुलीजवळ, जिथून फ्लॉस उठून त्याला जागा करून देई. सकाळी डाग तिथे तिथे असत. बाकापासून निघालेली ती ओलीची रांग माझ्या उजव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकत होती.

६

परवाच्या शनिवारी रेडिओने पुन्हा तेच सांगितले: जोराचा पाऊस, उत्तर किनाऱ्यावर उंच लाटा. मार्सालीने बटाटे सोलले. मी दाढी केली. अंगठ्यावरची जखम केव्हाच भरली होती. तिथे एक पांढरी रेघ तेवढी उरली होती.

खुर्च्या मांडताना ती म्हणाली, "आज मी गुडघे टेकणार नाही. खुर्चीवर बसेन. दाराकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून."

"ही रीत नाही."

"रीतीनं आपण एक माणूस घालवला," ती म्हणाली.

मी तिला अडवले नाही. खरे सांगायचे तर ती पाहणार म्हणून मला धीर आला होता. ती रोरीला पाहील आणि माझी सुटका होईल.

मी एकट्याने गुडघे टेकले, चेहरा हातांत घेतला आणि सुरुवात केली. समुद्रावरच्यांसाठी, वाटेवरच्यांसाठी, ज्यांना घराचा उजेड दिसतो पण घर गाठता येत नाही त्यांच्यासाठी. भिंतीतून लाटेचा धक्का आला. पेले किणकिणले. मग कोट कुरकुरला. पाठीमागे नाही. माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर. डावा गुडघा टेकला. श्वासभर शांतता. उजवा गुडघा टेकला. खुर्चीच्या बैठकीवर कोपरांचे वजन आले आणि लाकूड करकरले.

मी थांबलो. मार्सालीचा आवाज आला, अगदी हळू, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसा.

"टॉर्कुल. थांबू नकोस. बोलत राहा."

"कोण आहे?" मी हातांतूनच विचारले.

"बोलत राहा. आमेन म्हणू नकोस. काही झालं तरी आमेन म्हणू नकोस."

मी बोलत राहिलो. शब्द कोणते होते कोण जाणे. आणि सत्तर वर्षांत जे कधी केले नव्हते ते मी केले: उजव्या हाताची दोन बोटे विलग करून पाहिले.

ओल्या कोटाची बाही दिसली. खुर्चीवर टेकलेले कोपर दिसले. चेहरा दोन्ही हातांत होता, आमच्याकडे ठेवतात तसाच. हात माझ्या भावाचे नव्हते. रोरीचे हात दोरांनी चिरलेले, मिठाने फुगलेले असत. हे हात निवांत, धुतलेले होते, विश्रामवारासाठी नखे कापलेली होती. डाव्या अंगठ्यावर निळ्या चौकड्यांच्या फडक्याची पट्टी बांधलेली होती आणि तिच्यातून अजून ताजे, लाल पाणी झिरपत होते.

मी डोळे मिटले.

माझ्याजवळचे शब्द संपत आले. राजासाठी मागून झाले, मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी, पोरक्यांसाठी मागून झाले. जे एक वाक्य मी त्या शनिवारपासून कुठल्याही प्रार्थनेत येऊ दिले नव्हते तेवढे उरले. भिंतीला धक्का बसला. मी ते बोललो.

"प्रभू, माझा भाऊ आला नव्हता. तो यावा असंही त्या वेळी मला वाटत नव्हतं. मला उठायला लागू नये एवढंच वाटत होतं. आणि मी म्हणालो, आला."

वारा थांबल्यासारखा झाला. मार्सालीचा श्वास ऐकू येत नव्हता. चुलीजवळ फ्लॉसची शेपटी हळूहळू जमिनीवर आपटू लागली.

मी तोंड घट्ट मिटून घेतले. तेव्हा माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणाले, "आमेन." आणि लाकूड करकरले, तो उठू लागला होता.